धनुष्य, अस्वल आणि तुमची पत्रं

मे महिन्याच्या अंकात सुट्टीत मुलांना काय दाखवावं याची यादी दिली होती. तिच्यात पिक्सारच्या 'ब्रेव्ह' या २०१२ सालच्या ॲनिमेशनपटाबद्दल मी एवढंच लिहिलं होतं: स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली मेरिडा ही राजकन्या, तिला लग्न नको आहे, आईशी कडाक्याचं भांडण होतं, चेटकिणीकडून आणलेला केक ती आईला खाऊ घालते आणि आईचं अस्वल होतं, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघा. यादीतल्या बाकी नावांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. या एका नावावर मात्र पेडण्यापासून काणकोणापर्यंत, अख्ख्या गोव्यातून पत्रं आली आणि एकाचं मत दुसऱ्याशी जुळेना. कुणाला चित्रपट आगाऊ वाटला, कुणाला पुरेसा आगाऊ वाटला नाही. म्हणून या महिन्याचं सदर त्यालाच देते. शुद्धलेखनाचे आणि नाट्यस्पर्धेचे प्रश्न पुढच्या अंकात.

नव्या वाचकांसाठी सांगते: मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त झाले आणि अजूनही अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा भागातल्या, मुलांची नाटकं बसवते. माझी उत्तरं रंगमंचाकडे झुकली तर चालवून घ्या.

प्रश्न: बाई, माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तुमची यादी वाचून तिला चित्रपट दाखवला. त्यानंतर नणंदेच्या लग्नात तिने परकर-पोलकं घालायला नकार दिला, केसांतला अबोलीचा वळेसर काढून मांडवाच्या खांबाला बांधला आणि पाया पडायला सांगितलं तर 'मी सगळ्यांच्या पाया पडणार नाही' म्हणाली. सासूबाई म्हणतात, हे त्या चित्रपटाचं खूळ. आता काय करू? (एक आई, फोंडा)

उत्तर: सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. चित्रपटाचा काही दोष नाही असं मी म्हणणार नाही. मुलं बघतात ते करून पाहतात, नाहीतर इतकी वर्षं मी नाटकं कशाला बसवली असती? पण तुमच्या मुलीने चित्रपटाचा पुढचा भागच तेवढा उचललेला दिसतो. मेरिडाला घट्ट पोशाख काचतो, बाण ओढता येत नाही, तेव्हा ती शिवण उसवून मोकळी होते. परकर-पोलक्याला नकार तिथून आला असणार. मे महिन्यातल्या उकाड्यात भरजरी पोलकं अंगाला टोचतं, हेही खरं आहे हो.

तुम्ही तिच्याबरोबर बसून चित्रपट पुन्हा लावा आणि एका प्रसंगाशी थांबा. राणी एलिनॉर नवऱ्यापाशी तक्रार करते, ही मुलगी माझं ऐकत नाही. राजा फर्गस म्हणतो, मी मेरिडा झालो असं समज, तिला जे सांगायचंय ते मला सांग. आणि तो मुलीच्या आवाजात नक्कल करू लागतो. त्याच वेळी तिकडे तबेल्यात मेरिडा घोड्याला सांगत असते, आईला मी हे म्हणेन, ते म्हणेन. दोघींची वाक्यं एकमेकींना उत्तर दिल्यासारखी लागतात, पण एक आहे दालनात आणि दुसरी तबेल्यात. तालीम दोघींची झाली, प्रयोग झालाच नाही.

तुम्ही मला पत्र लिहिलंत. तुमची मुलगी कुणाला सांगत असेल? तिला विचारा. नंतर पाहिजे तर दोघींनी जागा बदला: ती आई, तुम्ही मुलगी. आठ वर्षांच्या पोरी आईची नक्कल इतकी अचूक करतात की ऐकणाऱ्या आईला जागेवर घाम फुटतो.

पाया पडण्याचं म्हणाल तर आजी-आजोबा पुरेत. वऱ्हाडातल्या प्रत्येक अनोळखी काकांपुढे पोरीला वाकायला लावू नये, असं माझं मत चित्रपट येण्याच्या आधीपासून आहे.

प्रश्न: बाई, प्रामाणिकपणे सांगा, पिक्सारच्या मानाने हा चित्रपट फिका नाही का? ट्रेलरमध्ये धनुष्यबाण, घोडा, डोंगरकडे. वाटलं, मोठी साहसकथा बघायला मिळणार. मध्येच आई अस्वल होते आणि पुढे नुसती लपवाछपवी आणि पळापळ. याला ऑस्कर कसं मिळालं? दिग्दर्शिकेला अर्ध्यात काढलं म्हणून चित्रपट बिघडला, असंही ऐकलं. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, म्हापसा)

उत्तर: अशी निराशा पुष्कळांची झाली. तिचं एक कारण पडद्याबाहेर आहे. पिक्सारचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट १९९५ चा. तेव्हापासून बारा चित्रपट झाले, आणि त्यांतल्या एकाचीही मुख्य व्यक्तिरेखा मुलगी नव्हती. 'ब्रेव्ह' हा तेरावा. सतरा वर्षं वाट पाहिल्यावर प्रत्येकाने मनात आपापली राजकन्या रंगवून ठेवली होती. त्यात ट्रेलरवाल्यांनी अस्वलाची गोष्ट जवळजवळ लपवली. धनुष्य बघायला गेलेल्या माणसाच्या पुढ्यात अस्वल आलं तर तो चिडणारच.

आकडे बघाल तर चित्रपट पडला असं कुणी म्हणू शकणार नाही. सुमारे साडेअठरा कोटी डॉलर खर्च, जगभरातली कमाई साधारण ५४ कोटी. अमेरिकेत पहिल्या दिवशी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांना सिनेमास्कोरच्या पाहणीत विचारलं, तेव्हा त्यांनी 'ए' श्रेणी दिली. समीक्षकांचा हात थोडा आखडता होता: चित्रं अप्रतिम, गोष्ट मात्र ओळखीची, असा साधारण सूर. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑस्कर मिळालं. त्या वर्षी व्हिडिओ गेममधल्या एका खलनायकाची गोष्टही शर्यतीत होती, आणि बाहुली तिच्याच हातात जायला हवी होती असं म्हणणारे आजही भेटतात. मला विचाराल तर ऑस्करच्या वादात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

दिग्दर्शिकेचं मात्र सांगते. ब्रेंडा चॅपमन यांना ही गोष्ट सुचली ती स्वतःच्या मुलीशी होणाऱ्या खटक्यांवरून. १९९८ मध्ये मोझेसच्या कथेवरचा चित्रपट त्यांनी दोघांसोबत दिग्दर्शित केला होता. मोठ्या अमेरिकन स्टुडिओच्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाच्या दिग्दर्शनात स्त्री असण्याची ती पहिली वेळ. 'ब्रेव्ह'वर त्यांनी अनेक वर्षं काम केलं आणि २०१० मध्ये मतभेदांवरून त्यांच्या जागी मार्क अँड्र्यूज आले. श्रेयनामावलीत दोघांची नावं आहेत, ऑस्करही दोघांनी घेतलं, आणि त्या विभागात ते मिळवणाऱ्या चॅपमन पहिल्या स्त्री ठरल्या. आपली गोष्ट हातातून काढून घेतली जाणं किती लागलं, हे त्यांनी पुढे जाहीरपणे लिहिलं. पण आपल्या मनातला चित्रपट पडद्यावर शाबूत आहे, असंही त्या म्हणाल्या.

तर मग बिघडला का? कुठलं दृश्य कुणाचं हे बाहेर बसून सांगायला मी जाणार नाही. सांधे मात्र दिसतात. चेटकीण घरी नसते आणि तिची कढई गिऱ्हाइकांना ध्वनिमुद्रित निरोप ऐकवते, तो विनोद मला साफ खटकतो. इतक्या कष्टाने उभं केलेलं धुकं, रान, उभे दगड, सगळं त्या एका गमतीत फुकट जातं. मोरडू या दुष्ट अस्वलाची पूर्वकथाही तुकड्या-तुकड्यांत येते. तो एकेकाळचा राजपुत्र, चौघा भावांत थोरला, राज्य एकट्याला हवं म्हणून दहा माणसांचं बळ मागणारा. एवढी दणकट गोष्ट, आणि तिला वेळ दिला किती? चिमूटभर.

पण पळापळीबद्दल मी तुमच्याशी भांडेन. अस्वल झालेली राणी दुसऱ्या दिवशी सकाळी रानात ओढ्याकाठी जेवणाचं टेबल मांडते. डोक्यावर मुकुट, पाठ ताठ, काटे-चमचे म्हणून काटक्या. मोठ्या रुबाबात रानातली बोरं पुढे करते आणि मुलगी सांगते, आई, ती विषारी आहेत. मग मुलगी बाणाने मासा मारून देते. आईला कच्चा मासा चालत नाही, तो भाजून हवा. आणि एकदा खाल्ल्यावर स्वतःच ओढ्यात उतरते. त्या चित्रपटात आई मुलीकडून शिकते ती इथे, जवळजवळ एकही शब्द न बोलता. एवढं मूकनाट्य उभं करायला मला सहा महिने तालीम घ्यावी लागेल. ते पळापळीत धरू नका.

प्रश्न: आजी, मेरिडाची आई तिचे केस विंचरत का नाही? (वय ९, शिरोडा)

उत्तर: विंचरायला घेतले असते तर संगणक बंद पडला असता. त्या लोकांनी तिच्या डोक्यावर दीड हजारांहून जास्त कुरळ्या बटा वेगवेगळ्या बसवल्या होत्या, त्यांतून एक लाखावर केस तयार होत होते, आणि ते हलावेत म्हणून नवीन प्रणाली लिहावी लागली. तू मात्र रोज विंचर.

प्रश्न: बाईंस सादर नमस्कार. चित्रपट नातवंडांसोबत पाहिला. सर्व पुरुष मूर्ख, मारामारी करणारे, कपडे सोडून पळणारे दाखवले आहेत. राजाही विदूषक. आपल्या पुराणांत रुक्मिणी, सुभद्रा यांसारख्या तेजस्वी स्त्रिया असताना ही परकी बंडखोरी आपण कशासाठी सुचवता? शिवाय आमच्या गोव्यात मुलीला कायद्यानेच समान वाटा आहे. येथे बंडाची गरज काय? (निवृत्त कारकून, वय ७४, साखळी)

उत्तर: आपली पुरुषांबद्दलची तक्रार अर्धी मान्य. मेरिडासाठी वर म्हणून आपापले मुलगे घेऊन आलेले तिन्ही सरदार आणि ते तिन्ही मुलगे ही अर्कचित्रं आहेत. एक दांडगा पण बोलणं कुणाला न कळणारा, एक देखणा आणि रुसका, एक हरवलेला. त्या पोरांनाही हे लग्न लादलेलं नको आहे, हे शेवटी एकेका वाक्यात उरकलंय. तिथे लेखकांनी कंजुषी केली. मी बालनाट्यात कोरसमधल्या झाडालासुद्धा एक वाक्य देते, कारण त्या झाडाची आई प्रेक्षकांत बसलेली असते.

फर्गसला मात्र विदूषक म्हणून सोडू नका. मुलगी लहान असताना तिच्या हातात पहिलं धनुष्य दिलं ते त्यानेच. अस्वलाने पाय तोडला, तो त्या लाकडी पायावर नाचतो. आणि मघाशी सांगितलं तसं, बायकोचं मन मोकळं व्हावं म्हणून मुलीच्या आवाजात बोलणारा राजा मी तरी दुसऱ्या गोष्टीत पाहिलेला नाही.

आता रुक्मिणी आणि सुभद्रा. आपण बरोबर नावं घेतलीत, आणि त्यांच्यामुळेच आपल्या अस्वस्थतेचं मूळ मला दिसतं. रुक्मीने बहिणीसाठी शिशुपाल ठरवला, तिने ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला पत्र धाडलं. बलरामाच्या मनात दुर्योधन, सुभद्रेच्या मनात अर्जुन. जत्रेतल्या रंगमंचावर ही बंडं आपण पिढ्यान्‌पिढ्या पहाटेपर्यंत जागून पाहिली, टाळ्या दिल्या. आपल्या त्या नायिकांना ठरवलेला वर नको होता, कारण दुसरा हवा होता. नाटक लग्नानेच संपायचं, फक्त नवरदेव बदलायचा. मेरिडाला कुणीच नको आहे, निदान एवढ्यात नको आहे. तिच्यासाठी रथ घेऊन कुणी येत नाही. ते आपल्याला परकं वाटतं. स्कॉटलंडचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

कायद्याचं म्हणाल तर खरंच आहे, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आपल्याकडे मुलीलाही वाटा आहे. पण नोटरीसमोर बहिणींच्या हक्कसोडीच्या सह्या कशा होतात, हे आपण कारकुनी केलेल्या माणसाने माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. कुणीतरी बोट ठेवून दाखवतं, इथे सही कर गो, आणि ती करते. स्वखुशीने करणाऱ्याही असतात. पण कागद तयार होण्याआधी तिला विचारलं होतं का? मेरिडाचं भांडण एवढ्याशाच प्रश्नावरून सुरू होतं. राग मानू नका. नातवंडांसोबत बसून शेवटपर्यंत चित्रपट पाहिलात, याचं मला कौतुक वाटतं.

प्रश्न: त्या जाड्या मुलाचं बोलणं एक अक्षर कळलं नाही. आमच्या टीव्हीचा दोष की माझ्या इंग्रजीचा? (गृहिणी, काणकोण)

उत्तर: दोन्हींचा नाही. तो ईशान्य स्कॉटलंडची डोरिक बोली बोलतो, आणि पडद्यावरच्या लोकांनाही ती कळत नाही, हाच विनोद आहे. पेडण्याचा माणूस काणकोणात पहिल्यांदा बाजार करायला आला की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

प्रश्न: आजी, मला खूप राग आला. लग्न आईने ठरवलं, धनुष्य आईने आगीत टाकलं आणि शेवटी सॉरी मेरिडा म्हणते. असं का? शेवटी ती राणी पण होत नाही, मोठी लढाई पण जिंकत नाही. मग ती बंडखोर कसली? माझ्या मैत्रिणीला पण असंच वाटलं. (वय १३, पेडणे)

उत्तर: बाय, सगळ्या पत्रांत तुझं पत्र मला आवडलं, म्हणून उत्तर लांब देते.

आधी हिशेब करू. आईने धनुष्य आगीत टाकलं हे खरं. पण मेरिडा रडत बाहेर पळाल्यावर दुसऱ्या क्षणी तीच ते ओढून बाहेर काढते, आणि आपण हे काय केलं म्हणून खाली बसते. मेरिडाला ते दिसत नाही, तुला दिसलं. मेरिडाने त्याआधी तलवारीने काय फाडलं ते आठव: आईने विणलेलं, घरातल्या सगळ्यांचं चित्र असलेलं कापड, नेमकं आई आणि मुलगी यांच्या मधून. म्हणजे दोघींनीही एकमेकींच्या हातातली वस्तू निवडून मोडली. यात मी कुणाला कमी-जास्त करणार नाही.

सॉरी कशाबद्दल म्हणते, तेही नीट ऐक. लग्न नको म्हटल्याबद्दल ती माफी मागत नाही. ती मागते केकबद्दल. कुठल्या तरी अनोळखी बाईकडून आणलेली वस्तू, त्यात काय आहे ते न विचारता, आईच्या तोंडात घातली, त्याबद्दल. आणि ते मागायलाच हवं होतं गो! लग्नाची अट तर मोडतेच. बंड टिकलं. तरी तुझ्या रागातला एक तुकडा मी माझ्याकडे ठेवून घेते: आई पुन्हा माणूस झाल्यावर तिच्या तोंडी माफीचं एक वाक्य लेखकांनी द्यायला हवं होतं. जागा होती, वेळही होता.

आता बंडखोर कसली, ते. चित्रपटाच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे, तो बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. माझ्या राहिला, कारण मी जन्मभर तेच केलं. राणी मोठ्या दालनाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहते आणि मेरिडाला भाषण म्हणायला लावते. स्वच्छ बोल, आवाज फेक, दालनात कुठेही बसलेल्याला ऐकू गेलं पाहिजे, नाहीतर सगळं व्यर्थ. मेरिडा कंटाळून पुटपुटते, हे सगळंच व्यर्थ आहे. तर आई तेही ऐकते! मीसुद्धा तालमीला सभागृहाच्या शेवटच्या रांगेत, खडखडणाऱ्या पंख्याखाली बसते आणि ओरडते, मागच्या आजीला ऐकू आलं नाही, पुन्हा म्हण. मुलं माझा मनापासून तिरस्कार करतात, त्या वयात करायलाच हवा.

पुढे तीन कुळांचे लोक त्याच दालनात हाणामारी करतात. राणी काही बोलत नाही, सरळ चालत जाते. वाट आपोआप होते, आणि ती मोठमोठ्या माणसांना कान धरून बाहेर आणते. तलवार नाही, आवाज नाही.

मग येते मेरिडाचा नवरा ठरवणारी बाणांची स्पर्धा. मेरिडा तिथे नियम मोडत नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? नियम असा की प्रत्येक कुळाच्या पहिल्या अपत्याने स्पर्धेत उतरायचं. तिथे 'मुलगा' असं कुणी म्हटलेलं नाही. तीही पहिलं अपत्य. म्हणून ती स्वतःच्याच हातासाठी बाण मारायला उभी राहते. तीन बाण, तीन मधोमध, शेवटचा तर आधीच रुतलेल्या बाणाला चिरून. तुझ्यासारखीच मीही बसल्या जागी टाळी वाजवली. पण त्या बाणांनी पुढे काय केलं? सरदारांचा अपमान झाला, आई पेटली, आणि कुळं एकमेकांवर उठायच्या बेतात आली. स्पर्धा जिंकली आणि प्रश्न तिथेच राहिला.

तो सुटतो ते दृश्य मला सगळ्या चित्रपटात सगळ्यांत मोठं वाटतं. अस्वल झालेल्या आईला गुपचूप वर न्यायचंय. खाली दालनात सगळे हमरीतुमरीवर आलेत. मेरिडा आत चालत जाते, आई गेली होती तशीच, आणि बोलायला लागते. आवाज आधी कापतो. मग जुन्या राज्याची गोष्ट आठवते, या कुळांनी एकमेकांसाठी काय केलं ते आठवतं, आवाज ठाम होतो आणि मागच्या भिंतीपर्यंत जातो. शेवटी ती कबूल करायला निघते की ठीक आहे, मी लग्नाला तयार आहे. तेवढ्यात सगळ्यांच्या पाठीमागे, पेंढा भरलेलं अस्वल असल्याचं सोंग घेऊन उभी असलेली आई हातवारे करू लागते. नाही. ते नाही. परंपरा मोडायची. ज्याला वाटेल त्याने, वाटेल तेव्हा. आणि मुलगी आईच्या हातांकडे बघत ते शब्दांत सांगत जाते.

ज्या आईने मुलीला बोलायला शिकवलं, तिला स्वतःला आता बोलता येत नाही. ज्या मुलीला ते शिकायचं नव्हतं, तिच्याच तोंडून आईचा निर्णय सगळ्या दालनाला ऐकू जातो. आईची माफी कुठे आहे असं विचारलंस ना? ती त्या हातवाऱ्यांत आहे, चार लोकांसमोर. मला ती तोंडीही हवी होती, हे वर लिहिलंच.

शेवटी, दुसऱ्या सूर्योदयाआधी जादू उतरावी म्हणून, मेरिडा धावत्या घोड्यावर बसून ते फाटलेलं कापड शिवते. आईवर पांघरते, तरी काही होत नाही. टाके पुरत नाहीत. सूर्य वर येत असतो. मनातलं बोलावंच लागतं, तेव्हा जादू उतरते. लढाई म्हणशील तर मोरडूशी आईच लढते, मुलीला वाचवायला. लढाया जिंकणाऱ्या राजकन्या तुला पुष्कळ भेटतील. नाठाळ सभेसमोर उभं राहून पूर्ण वाक्यं बोलणारी मला तरी हीच भेटली.

आणि राणी का होत नाही? अगो, आई जिवंत आहे ना तिची!

एक काम कर. पौषात तुमच्या गावात मांडावर धालो असतील तर आजीबरोबर जा. समोरासमोर दोन ओळी करून बायका गातात, तेव्हा तुझ्या आजीचा आवाज ऐक. घरात तो तू ऐकला नसशील. मग मला पुन्हा लिही, मैत्रिणीलाही लिहायला सांग.

प्रश्न: माझं खेळण्यांचं दुकान आहे. बर्फाच्या राणीची बाहुली हातोहात जाते, या लाल केसांच्या मुलीची मागणी नाही. एक गिऱ्हाईक म्हणाली, हिला नंतर बदललं होतं. खरं का? (दुकानदार, मडगाव)

उत्तर: खरं आहे. मे २०१३ मध्ये पिक्सारची मालक असलेल्या डिस्नेने मेरिडाला आपल्या राजकन्यांच्या अधिकृत मेळ्यात अकरावी म्हणून घेतलं, आणि त्या निमित्ताने काढलेल्या नव्या चित्रात तिची कंबर बारीक झाली, डोळे रेखले गेले, खांदे उघडे पडले, पोशाखाला चमक आली. धनुष्य गायब! मुळात पोशाख फाडणारी पोरगी ती. दोन लाखांवर लोकांनी निषेधाच्या ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या, आणि ब्रेंडा चॅपमन यांनीही कडक शब्दांत सुनावलं. ज्यांना चित्रपट फिका वाटला होता, त्यांतलेही पुष्कळ जण तेव्हा मेरिडाच्या बाजूने उभे राहिले असतील, असा माझा अंदाज. बाहुली घेतलीत तर धनुष्यवाली घ्या. दर्शनी भागात ठेवा आणि बाण लहान मुलांच्या तोंडापासून दूर ठेवा.

प्रश्न: शाळेत चौथीच्या मुलांना दाखवावा का? (शिक्षिका, डिचोली)

उत्तर: दाखवा. लांबी दीड तासाची आहे. अमेरिकेत त्याला पालकांनी मार्गदर्शन करावं असं सुचवणारं प्रमाणपत्र आहे, तेव्हा तुम्ही वर्गाबाहेर जाऊ नका. सुरुवातीलाच अस्वलाचा हल्ला आहे, पडक्या वाड्यातला प्रसंग आणि शेवटची झुंज भीतीदायक आहे. बालवाडीतली भावंडं सोबत आली असतील तर त्यांना तुमच्याजवळ बसवा. पुरुषांची पाठमोरी उघडी ढुंगणं दोन-तीनदा दिसतात. मुलं हसतील, हसू द्या, हसू ओसरल्यावर आवाज वाढवा. बोली कठीण आहे, म्हणून आधी गोष्ट मराठीत सांगून टाका, अस्वलासकट. रहस्य फुटलं म्हणून मुलांचं काही बिघडत नाही, म्हापशाच्या भावी इंजिनिअरांचं बिघडतं.

प्रश्न: यंदाच्या स्नेहसंमेलनात आम्हाला हेच बालनाट्य म्हणून बसवायचं आहे. अस्वल कसं करावं? (शाळेच्या नाट्यविभागाचे शिक्षक, वाळपई)

उत्तर: सर, हेच बसवू नका. गोष्ट स्टुडिओच्या मालकीची, परवानगी मागत बसाल तर तुमची चौथीची मुलं दहावीला पोचतील. त्यातली परिस्थिती तेवढी घ्या. ती कुणाच्याच मालकीची नाही. तुमच्या सत्तरी तालुक्यातच लावा गोष्ट: गावची बैठक बसलीय, जिला बोलायचं आहे तिचा आवाज गेलाय, ती मागे उभी राहून खुणा करते आणि एक पोर पुढे उभं राहून त्या खुणा शब्दांत सांगतं. पोर मध्ये एकदा चुकीचं सांगतं, बैठक भडकते. तिथून पुढे मुलांनाच रचू द्या.

अस्वलच हवं असेल तर गोणपाट पांघरू नका, आत मूल गुदमरतं आणि बाहेर गोणपाट गोणपाटच दिसतं. काळं घोंगडं एका खांद्यावर, हातांत मोजे, चेहरा पूर्ण उघडा. खुणा हातांनी होतात, पण प्रेक्षक चेहरा वाचतात. तालमीत त्या भूमिकेला एकही शब्द बोलू देऊ नका, विंगेतसुद्धा. आणि ती वर्गातल्या सगळ्यांत बडबड्या मुलीला द्या.